काठी मधे येत नाही

६ जानेवारी

दादा,

फोनच करणार होतो. पण तू म्हणशील, फोनवर मापं चुकतात, लिहून पाठव. म्हणून लिहितोय.

संगणकावर विमान उडवायची माझी तिसरी जॉयस्टिक गेली. दोन वर्षांत तिसरी. विमान नाकासमोर चाललेलं असतं, मी काठीला हातही लावलेला नसतो, आणि ते आपलं हळूहळू डावीकडे कलतं, तिकडे त्याचं सासर असल्यासारखं. थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, अर्ध्यावर ठेवला तर पडद्यावरचा आकडा नाचतो. दिवसभर दुकानात लोकांचे नंबर तपासायचे, चष्म्याची भिंगं घासायची आणि संध्याकाळी तासभर ढगांच्या वर जायचं, एवढीच माझी चैन. टिकणारी काठी आणि टिकणारा थ्रॉटल निवडायचा कसा, ते सांग. दुकानदार हात लागेल त्या खोक्याला "हाच टॉपचा" म्हणतो.

दुसरी गोष्ट खरं तर पहिली लिहायला हवी होती. परवा आई तिच्या विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीतून जेवणाच्या टेबलाला वळसा घालून निघाली ती थेट काचेच्या कपाटावर गेली. काच फुटली. गुडघ्याला नऊ टाके पडले. आम्ही अजून हादरलेलेच आहोत. ती खुर्चीही हाताशी असलेल्या छोट्या काठीने चालते. आई एकच वाक्य म्हणते, "मी काठी सोडली होती." आम्ही नंतर दहा वेळा खुर्ची चालवून बघितली. काठी सोडली की दहाही वेळा थांबली.

ती काठी तूच मागच्या वर्षी दुरुस्त केलीस. ती कधी अडकू शकते का? मी उघडून बघितली असती, पण स्क्रूंवर तुझं लाल सील आहे आणि ते फोडलं तर तू माझं काय करशील ते मला माहीत आहे. ही म्हणते, आईंचा हात आता भरवशाचा राहिला नाही, खुर्ची बंद करू या. मी म्हटलं, आधी दादाला विचारू. तू सांगशील तसं करू.

तुझा मावसभाऊ,
पायलट


१३ जानेवारी

प्रिय पायलट,

दोन वर्षांत तीन काठ्या, हे वाचून धक्का बसला. तू ते हसत हसत लिहितोस, याचा त्याहून मोठा बसला.

नीट वाच, मी एकदाच लिहितो. काठीच्या बाहेरचा थाट बघायचा नाही, तिच्या पोटात काय आहे ते विचारायचं. तुझ्या तिन्ही काठ्यांत पॉट होते. पॉटमध्ये एक पातळ पत्री कार्बनच्या पट्टीवर घासत राहते. घासतं ते झिजतं, आणि झिजलं की विमान सासरी जातं. तुला चुंबकाचा सेन्सर हवा. त्यात काही कशाला टेकतच नाही, मग झिजणार काय? दुसरं, काठी ज्या सांध्यावर फिरते तो धातूचा हवा आणि त्यात बेअरिंग हवं. दुकानात काठी हातात घे, डोळे मीट आणि मधोमध कणभर हलव. बोटाला पोकळी लागली तर खाली ठेव आणि घरी ये. मग एका टोकाला दाबून एकदम सोड. मधे येऊन ती एकदाच थांबली पाहिजे. डुलत बसली तर स्प्रिंग हलकी आहे.

थ्रॉटलला मात्र स्प्रिंग नको. तो ठेवू तिथे राहायला हवा, आणि तो किती जड चालावा ते ठरवायला बाहेरून फिरवता येणारा स्क्रू हवा. दोघांचा पाया वजनदार हवा किंवा टेबलाला क्लॅम्प तरी हवा. आणि वायर जिथे आत शिरते तिथे रबराची बाही आहे का बघ. निम्म्या काठ्या तिथेच मरतात, आणि लोक सेन्सरला शिव्या देतात.

पण तू काही विकत घेऊ नकोस. इथलं एक वैमानिक प्रशिक्षण केंद्र बंद झालं, तिथली एक जोडी माझ्याकडे पडून आहे. सांधा धातूचा, सेन्सर चुंबकाचा. स्प्रिंग जिच्यात बसते ती वाटी तेवढी मी माझी घालीन, पारदर्शक कडक प्लॅस्टिकची. धातूवर धातू किरकिरतो, या वाटीत स्प्रिंग गप्प राहते. आणि वर माझं वंगण. त्यात घट्ट ग्रीस आहे, शिवणयंत्राचं तेल आहे, आणि तिसरं काय आहे ते मी तुझ्या वहिनीलाही सांगितलेलं नाही. ते तिसरं असल्यामुळेच वंगण आपण होऊन सांध्याच्या कानाकोपऱ्यात जातं. मी नववीत शाळा सोडली, पण हे शिकलेल्या इंजिनिअरांना जमलेलं नाही.

आता मावशीच्या खुर्चीबद्दल. ती काठी मी बांधलेली आहे. त्याच वाट्या, तेच वंगण. चार वर्षांत चौसष्ट खुर्च्या झाल्या, एकही परत आलेली नाही. काठी सोडली की मधे येते, मधे आली की खुर्ची थांबते. माणूस घाबरला की हात सोडत नाही, आवळतो, आणि नंतर शपथेवर सांगतो की सोडला होता. मावशी ब्याऐंशीची आहे. दोष काठीत नाही, हातात आहे. वाईट वाटून घेऊ नका, पण खुर्ची बंद करा. आणि सीलला हात लावू नकोस.

दादा


२ फेब्रुवारी

दादा,

खोकं मिळालं. उघडलं तेव्हा ही म्हणाली, "ट्रॅक्टरचा गिअर मागवलात का?" काय वजन आहे रे. टेबलाला क्लॅम्प लावला आणि काठी धरली, तर पहिल्यांदा वाटलं की दुसऱ्या टोकाला खरंच काहीतरी आहे. विमान आता कुठेही सासरी जात नाही. थ्रॉटलचा स्क्रू खोक्यातल्या चिठ्ठीत तू लिहिलंस तसा पाव फेरा आवळला. लोण्यातून सुरी फिरवावी तसा चालतो. काल दोन तास उडालो, जेवायला तीन हाका माराव्या लागल्या.

आईची खुर्ची जिन्याखाली ठेवली, वर चादर टाकली. तुझं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं, म्हणजे पुन्हा वाद नको. आईही होती. "दोष हातात आहे" इथपर्यंत आलो तेव्हा तिने दोन्ही हात पांघरुणाखाली घेतले. आता तिला पलंगावरून उचलून गॅलरीत नेतो, म्हणजे रविवारी नेतो. इतर दिवशी मला दुकान असतं आणि हिची पाठ धरते.

पायलट


९ फेब्रुवारी

प्रिय पायलट,

काठी आवडणारच होती. दर महिन्याला थ्रॉटलचा स्क्रू तपास, फेऱ्याचा आठवा भाग, जास्त नाही. काठीजवळ चहा ठेवू नकोस. उघडू नकोस.

मावशीचं ठीक केलंत. तिला सांग, खूप फिरली, आता बसून राहायचंही सुख असतं.

दादा


२८ एप्रिल

दादा,

हे पत्र मी दोनदा फाडलं, हे तिसरं.

रविवारी दुपारी उतरत होतो. धावपट्टी समोर, वारा आडवा, चाकं खाली. नाक वर येतंय असं वाटलं म्हणून काठी टोकापर्यंत पुढे ढकलली आणि लगेच सोडली. ती मधे आली नाही. पुढेच राहिली. विमान नाकावर आपटलं, पडदा लाल झाला. ही दारात उभी होती. म्हणाली, "काय हो, एवढं जोरात दाबायचं?" आणि मी म्हणालो, "मी काठी सोडली होती."

वाक्य तोंडातून गेलं. ही दाराला धरून तशीच उभी राहिली. शेजारच्या खोलीत आईचा रेडिओ चालू होता, तो बंद झाला. तिने ऐकलं होतं.

मी बसून पन्नास वेळा काठी दाबली आणि सोडली. सत्तेचाळीस वेळा मधे आली. तीन वेळा नाही. टोकापर्यंत नेऊन झटकन सोडली तरच अडकते. सावकाश सोडली की शहाण्यासारखी येते. आम्ही आईची खुर्ची दहा वेळा तपासली होती, पण सावकाश तपासली होती.

मग मी तुझं सील फोडलं. वाटीला स्क्रूच्या भोकापासून तीन तडे गेलेत. एका तड्याची कड वर आलीये आणि स्प्रिंगचा वेढा तिच्यात अडकतो. दादा, असे तडे मी रोज बघतो. बिनफ्रेमच्या चष्म्याच्या भिंगाला आम्ही भोक पाडतो, आणि त्या भोकाला भलता द्राव लागला की महिन्या-दोन महिन्यांत नेमके असेच तडे जातात, उन्हासारखे, भोकापासून बाहेर. तुझी वाटी त्याच प्लॅस्टिकची आहे. तुझ्या वंगणात तिसरं काय आहे?

पायलट


४ मे

पायलट,

सील फोडलंस. एक गोष्ट करू नकोस म्हटलं होतं.

काठी पुढे ढकलून लगेच सोडणारा वैमानिक मी आजवर पाहिला नाही. क्लॅम्प जास्त आवळलास तर पाया पिळवटतो आणि वाटीवर ताण येतो. खिडकीतलं ऊन येत असेल. उघडताना तुझा स्क्रूड्रायव्हर घसरला असेल. तू भिंगं घासतोस, चांगली घासतोस, पण म्हणून मला प्लॅस्टिक शिकवू नकोस. चौसष्ट खुर्च्या, एकही परत नाही. चौसष्ट माणसं चुकीची आणि तू एकटा बरोबर?

काठी जशीच्या तशी पाठवून दे. तिसरं काय आहे ते सांगणार नाही. त्याचा इथे संबंध नाही.

दादा


१२ मे

दादा,

काठी पाठवत नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी जिन्याखालची चादर काढली आणि आईच्या खुर्चीची काठी उघडली. दुकानात टेबलावर पांढरा कागद पसरून, मोठ्या भिंगाखाली. वाटीला चार तडे. फोटो सोबत ठेवलाय. मागच्या बाजूला कुठलं भोक कुठलं ते लिहिलंय, नाहीतर तू म्हणशील उलटा धरला. ही खुर्ची उन्हात नव्हती. हिला क्लॅम्प नाही. हिचं सील मी फोडेपर्यंत शाबूत होतं.

खोक्यात तू वंगणाची छोटी डबी पाठवली होतीस. सारखी दोन भिंगं घेतली, दोघांना भोकं पाडली, दोघांत सारखे स्क्रू सारखे आवळले. एकाच्या भोकाला तुझं वंगण लावलं, दुसरं कोरडं ठेवलं. कोरडं अजून आहे तसं आहे. वंगणाचं परवा सकाळी तडकलं. दुकान उघडून दिवा लावला, तर तडा आधीच हसत बसला होता.

आता जे तुला कळवलं नाही ते. फेब्रुवारीनंतर आईने खुर्ची एकदाही मागितली नाही. मला वाटलं, समजूतदार आहे. मार्चपासून ती पेला दोन्ही हातांनी धरायला लागली. मग म्हणाली, पेला नको, तूच पाज. सही करायची होती तर म्हणाली, अंगठा घ्या, माझ्या हाताचं काही खरं नाही. तिच्या हाताला काही झालेलं नाही, दादा. मी डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हात ठणठणीत आहे, हिला कुणी काय सांगितलं?

मी सांगितलं. तुझं पत्र मोठ्याने वाचून. खुर्चीत ती होती, काठी तिच्या हाताखाली होती, आणि आम्ही तिला विचारलं नाही, तुला विचारलं.

त्या रविवारचं वाक्य ऐकल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही. रागाने नाही. ती फक्त माझ्याकडे बघत राहते.

पायलट


२० मे

पायलट,

फोटो बघितला. दोन दिवस म्हणत होतो, फोटो आहे, सावली असेल. तिसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये गेलो, फडताळातल्या सहा कोऱ्या वाट्या काढल्या, स्क्रू आवळले, त्यातल्या तीन वाट्यांना वंगण लावलं. वाट बघायची होती, पण सुचेना, म्हणून जुन्या कामाची वही काढली आणि जवळचे पत्ते लिहून घेतले. ज्यांच्या खुर्च्या मी दुरुस्त केल्या ते.

तिसरं म्हणजे रंगाचं थिनर. बस, एवढंच. त्याने ग्रीस पातळ होतं, कोपऱ्यात शिरतं आणि थिनर उडून जातं. म्हणजे उडून जातं असं मी धरलं होतं. प्लॅस्टिकच्या भोकात ते काय करतं हे मी कुणाला विचारलं नाही, कारण विचारायचं तर तिसरं काय आहे ते सांगावं लागलं असतं.

आजवर एकोणीस घरं झाली. बारा वाट्या तडकलेल्या. त्या मी तिथेच काढल्या आणि खुर्च्या उभ्या करून आलो, कंपनीची काठी बसेपर्यंत चालवू नका म्हणून. चार अजून धड आहेत, त्याही बंद केल्या. राहिली तीन घरं. तिथे खुर्च्याच नव्हत्या. घरच्यांनी कधीच बंद केल्या होत्या. एकाने विकली, एकाने गच्चीवर टाकली. "एकही परत आलेली नाही" याचा अर्थ मला तिथे कळला. काठी अडकली की माणसाला खुर्चीतून काढत होते. खुर्ची माझ्याकडे कशाला येईल?

तिसऱ्या घरी एक निवृत्त शिक्षिका आहेत. दीड वर्ष पलंगावर आहेत. मुलाने मला दारातच सांगितलं, आईला आता पुढचं-मागचं कळत नाही, खुर्ची भिंतीवर घातली. आतून त्या विचारत होत्या, कोण आलंय? मी म्हणालो, काही नाही, सहज आलो होतो. जिना उतरलो. खाली येऊन मोटरसायकलला किल्ली लावली आणि तशीच काढून घेतली. परत तीन मजले चढलो. बेल दाबली आणि सगळं सांगितलं, त्यांना, मुलाला नाही. त्या ऐकून घेत होत्या. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मुलगा मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने मला पाणी आणून दिलं.

आज सकाळी वाट्या बघितल्या. वंगण लावलेल्या तिन्ही.

मावशीचं सोडून चव्वेचाळीस घरं राहिली आहेत. वर्कशॉप बंद ठेवलं आहे. तुझी वहिनी विचारते काय झालं, तिलाही आज सांगेन, थिनरसकट.

मावशीला पत्र लिहायला चार वेळा बसलो. प्रत्येक वेळी पहिल्या ओळीत मी कसं शिकलो तेच यायला लागलं. म्हणून इथेच लिहितो, हे तू तिला वाचून दाखव, ते वाचलंस तितक्याच मोठ्याने: काठी अडकली होती. मावशीने सोडली होती. मी काठी बघितली नव्हती आणि बघितल्यासारखं लिहिलं. तिच्या हाताबद्दल जे लिहिलं ते माझ्या हाताबद्दल खरं होतं.

नवी काठी मी बसवायला येऊ का? नको म्हणालात तरी चालेल.

दादा


६ जून

अरे इंजिनेरा,

हे मी माझ्या हाताने लिहिते आहे. अक्षर वाकडं आहे, ते पूर्वीपासूनच वाकडं आहे, तेव्हा त्यावरून काही शोध लावू नकोस.

तुझं पत्र पायलटने वाचलं. मी त्याला तीनदा वाचायला लावलं. ऐकू येत नाही म्हणून नाही. तिसऱ्या वेळी तो रडला. सूनबाई रडली नाही, तिने उठून खुर्ची पुसायला घेतली. ते मला जास्त आवडलं.

तू येऊ नकोस. म्हणजे ये, पण हत्यारांची पिशवी न घेता ये. कंपनीचा माणूस येऊन नवी काठी बसवून गेला. त्याने वंगण घातलं नाही, मी विचारून घेतलं. त्याला म्हटलं, यात काय काय आहे ते सगळं लिहून दे. तो म्हणाला, आजी, असं कुणी विचारत नाही. मी म्हटलं, म्हणूनच.

त्या शिक्षिकाबाईंकडे पुन्हा जा. एकदा सांगून होत नाही. आणि उरलेल्या घरी जाशील तेव्हा काठीला हात लावायच्या आधी खुर्चीतल्या माणसासमोर बस आणि काय झालं होतं ते विचार. घरचे मधे बोलतील, त्यांना बोलू देऊ नकोस. तुला मधे बोलायची सवय आहे, ती तिथे उपयोगी पडेल.

तुझ्यावर रागावले आहे का, असं पायलट विचारतो. जानेवारीत होते. तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं की मी काठी सोडली होती. बोटं उघडली होती, ती मला दिसत होती. मग तुझं पत्र आलं. तू हुशार, पायलट शहाणा, सूनबाई सरळ, तिघं मिळून खोटं कशाला सांगाल? रोज थोडं थोडं करत मार्चमध्ये मला आठवायला लागलं की मी सोडली नव्हती. आवळली होती. तसं दिसायलाही लागलं, बोटं मिटलेली, पांढरी पडलेली. न झालेलं मला आठवत होतं. मोडक्या खुर्चीचं काय, दुसरी येते. हे तू माझ्या डोक्यात घातलंस, आणि हे कुठला स्क्रू काढून बघायचं ते मला कळत नाही.

आता मी खुर्चीत आहे. घरात सहा दारं आहेत. प्रत्येक दाराशी मी काठी टोकापर्यंत ढकलते, झटकन सोडते आणि दोन्ही हात वर करते, चांगले खांद्याच्या वर. खुर्ची थांबते. मी हात तसेच धरून ठेवते. सकाळी सूनबाई म्हणाली, "आई, पुरे आता, आमचा विश्वास बसलाय."

मी म्हटलं, "तुमच्यासाठी नाही गं करत."

मावशी